सुगीत वाटणी, दुष्काळात लग्न

गुरांच्या हौदातलं पाणी आठ-दहा दिवस कुणी उपसलं नाही, की त्याला पोपटी झाक येते. ‘शेवाळ धरलंय’ म्हणून आपण हौद घासायला घेतो. मी एकदा घासण्याआधी त्या पाण्याची बाटली भरून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली चारशेपट मोठा करून पाहिला. शेवाळाचे तंतू कुठेच नव्हते. होते ते हिरवे ठिपके, आणि ते पळत होते. एखादा सरळ जाता जाता थबके, गिरकी घेई आणि भलत्याच दिशेला सुटे. बाटली रात्रभर खिडकीत राहिली होती. सकाळी पाहिलं तर उजेडाच्या बाजूला काचेवर हिरवा पट्टा जमला होता आणि खोलीकडची बाजू जवळजवळ नितळ होती. मंडळी रात्रीत नाही, पहाटेचा उजेड आल्यावर सरकली असावीत.

हे एकपेशीय कशाभिकाधारी जीव. शाळेत आपण ‘प्रजनन’ हा एकच शब्द शिकतो आणि त्यात दोन निराळी कामं कोंबलेली असतात: संख्या वाढवणं आणि दोन जीवांच्या जनुकांची सरमिसळ करणं. माणसात, म्हशीत, आंब्यात ही कामं बहुधा जोडीनं होतात, म्हणून ती एकच वाटतात. या ठिपक्यांत ती साफ वेगळी आहेत. संख्या वाढते ती लग्नाशिवाय. आणि लग्न लागतं तेव्हा दोघांचा एक होतो, म्हणजे त्या क्षणी संख्या निम्म्यावर येते.

चाबूक

‘कशा’ म्हणजे संस्कृतात चाबूक. कशाभिका हा पेशीतून बाहेर आलेला चाबकासारखा बारीक धागा. हौदातल्या ठिपक्यांत हमखास सापडतो तो क्लॅमिडोमोनास. त्याची पेशी साधारण 10 मायक्रोमीटरची, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, आणि तिच्या टोकाला जवळपास तेवढ्याच लांबीच्या दोन कशाभिका. विहिरीत पोरं दोन्ही हातांनी पाणी मागे सारत पोहतात, तसा हा पोहतो, फक्त सेकंदाला पन्नासेक हात मारतो. कशाभिकेचा आडवा छेद घेतला तर कडेनं नऊ जोड-नळ्या आणि मध्ये दोन सुट्या नळ्या दिसतात. हीच रचना माणसाच्या शुक्राणूच्या शेपटीतही आहे.

‘कशाभिकाधारी’ हे मात्र काही एका कुळाचं नाव नव्हे. पंख असलेले सगळे, म्हणून वटवाघूळ, चिमणी आणि फुलपाखरू एका ओळीत बसवावेत, तसं ते आहे. क्लॅमिडोमोनास झाडांच्या गोतातला, जनावरांच्या सर्रा रोगाचा परजीवी भलत्याच शाखेतला, आणि समुद्रात चमकणारा नॉक्टिल्युका तिसऱ्याच घरचा. म्हणून त्यांच्या जीवनचक्राची एकच आकृती काढता येत नाही. मी क्लॅमिडोमोनासपाशी जास्त थांबणार आहे, कारण त्याचं आयुष्य सर्वांत बारकाईनं तपासलं गेलंय.

त्याच्या चाबकाची एक गंमत प्रयोगशाळेत नेहमी दाखवतात. पाण्यात व्हिनेगरमधल्या आम्लाचे थेंब टाकून ते चांगलं आंबट केलं, की पेशी आपल्या कशाभिका मुळाशीच तोडून टाकतात. आम्लता लगेच उतरवली की दीड-दोन तासांत नव्या उगवतात. दोनांतली एकच तोडली, तर मामला अधिक मजेदार होतो: शाबूत असलेली आधी आखडते, तुटकी वाढते, दोघी समान लांबीवर आल्या की मग दोन्ही मिळून पूर्ण वाढतात. घरातलं सामान वाटून घ्यावं तसा हा कारभार चालतो.

पोहायचं की दोन व्हायचं

आता संख्या वाढवण्याचं काम. क्लॅमिडोमोनासची पेशी दिवसभर उन्हात अन्न तयार करते आणि फुगत जाते. चांगला उजेड आणि भरपूर खत असेल तर तिचं आकारमान दहापटही होतं. पण दिवसा ती विभागत नाही. अंधार पडला की कशाभिका आत ओढून घेते आणि स्थिर होते.

कशाभिका का सोडायच्या? प्रत्येक कशाभिकेच्या मुळाशी एक इवलंसं नळकांडं असतं आणि चाबूक त्यावरच उभा राहतो. पेशी विभागताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढायची असतात, त्या ओढाताणीच्या दोन टोकांपाशीही हीच नळकांडी लागतात. एकाच बैलजोडीनं मोटही ओढायची आणि नांगरही धरायचा, असं एका वेळी होत नाही. क्लॅमिडोमोनास मोट सोडतो. आपल्या शरीरातल्या पुष्कळ पेशींवरही केसासारखी एकेक रोमिका असते, आणि त्या पेशी विभागायला निघाल्या की ती रोमिकाही आत जाते. नियम तोच. रात्रीची वेळही मला नेमकी वाटते. दिवसा पोहता आलं नाही तर उजेड हुकतो, रात्री नाही पोहलं तर काही बिघडत नाही.

मग विभाजन सुरू होतं, तेही एकदाच नाही. अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरानं पेशी दुभंगते, दोघींच्या चार, चारांच्या आठ, कधी सोळा. किती वेळा दुभंगायचं ते आईच्या आकारावर ठरतं: दिवसा आठपट फुगली असेल तर तीन वेळा, म्हणजे लेकी पुन्हा नेहमीच्या मापाच्या. हे सगळं आईच्या जुन्या पेशीभित्तिकेच्या आत चालतं. पहाटेच्या सुमारास लेकींना कशाभिका फुटतात, आणि त्या कशाभिकांवर एक विकर असतं जे आईची भिंत विरघळवतं. भिंत फुटते, पोरी बाहेर पडतात.

आईचं काय झालं? ती मेली म्हणावी तर प्रेत नाही, जगली म्हणावी तर ती दिसत नाही. मागे उरतं ते रिकामं टरफल. सगळी इस्टेट वाटून टाकून मूळ मालकच वाटण्यांमध्ये विरून जावा, असा हा हिशेब. अशा जिवाला म्हातारपण कुठून येणार, हा प्रश्न मला पहिल्यांदा एका विद्यार्थिनीनं विचारला आणि मी त्या दिवशी तास लवकर सोडला.

नत्र संपलं की

हौदात शेण पडतं, गोमूत्र पडतं, तोवर नत्राची ददात नाही. नत्र म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगायला नको. युरिया टाकला नाही की ऊस पिवळा पडतो, ते तेच. क्लॅमिडोमोनासला पाण्यातलं नत्र मिळेनासं झालं आणि उजेड मात्र असला, की काही तासांत त्याचा स्वभाव पालटतो. पेशी वाढ थांबवते आणि युग्मक बनते, म्हणजे जोडीदाराशी एकरूप व्हायला तयार झालेली पेशी.

नर-मादी असा भेद इथं डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही पक्ष आकारानं आणि चालीनं सारखे, म्हणून वैज्ञानिकांनी त्यांना अधिक आणि उणे अशी कोरडी नावं दिली. कुठली पेशी कुठल्या पक्षाची, हे जन्मतःच जनुकांत ठरलेलं असतं. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाणारे नेहमीचे वाण गिल्बर्ट स्मिथ यांनी 1945 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, अॅमहर्स्टजवळच्या एका बटाट्याच्या शेतातल्या मातीतून मिळवले. त्या मातीतल्या एकाच युग्मनजातून, म्हणजे दोन युग्मकं एक होऊन झालेल्या पेशीतून, अधिक आणि उणे असे दोन्ही वंश निघाले आणि आजवर चालत आलेत.

दोन्ही पक्षांची युग्मकं एकत्र केली, की पाहता पाहता पाण्यात गठ्ठे जमू लागतात. नुसत्या डोळ्यांनाही पाणी दाणेदार झाल्यासारखं वाटतं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं ते असं: पेशी एकमेकींना कशाभिकांनी धरून आहेत. अधिक पक्षाच्या कशाभिकेवर एक चिकट प्रथिन, उणे पक्षाच्या कशाभिकेवर त्याच्याशी जुळणारं दुसरं. स्वपक्षाला धक्का लागला तर काही होत नाही, परपक्षाला लागला तर चाबूक चाबकाला बिलगतो. पोहण्याचं अवजार इथं ओळख पटवण्याचं अवजार झालं.

ही ओळख पटताच दोन्ही पेशी आपापल्या भिंती विरघळवून उघड्या होतात. अधिक पक्षाकडून बोटासारखी एक नळी पुढे येते, उणे पक्षाला टेकते आणि दोघांची आवरणं एक होतात. आवरणं जोडण्याचं काम उणे पक्षाचं एक प्रथिन करतं. 2017 मध्ये त्याची रचना उलगडली तेव्हा ती डेंग्यू आणि झिका विषाणूंच्या एका प्रथिनाशी जुळली. विषाणू आपल्या पेशीत शिरायला जी युक्ती वापरतो, तीच इथं मीलनाला वापरलेली आहे. झाडांच्या आणि मलेरियाच्या परजीवीच्या युग्मकांतही हेच प्रथिन सापडतं.

जुळल्यानंतर काही तास हा जीव चार कशाभिका घेऊन पोहतो. थेंबात असा चार चाबकांचा ठिपका सापडला, की नशीब चांगलं म्हणायचं. ती वरातच असते.

कवचातली झोप

वरात संपते. चारही कशाभिका जातात, दोन केंद्रकं एक होतात आणि युग्मनज स्वतःभोवती जाड, कठीण कवच बांधतो. एरवीच्या पेशीत गुणसूत्रांचा एकच संच असतो, सतरा गुणसूत्रांचा. दोन संच एकत्र नांदतात ते फक्त या कवचात. आपलं याच्या नेमकं उलट आहे: आपण जन्मभर दोन संच घेऊन वावरतो आणि एका संचाचं आयुष्य फक्त शुक्राणू-अंड्यांना मिळतं.

कवचातला युग्मनज वाळवण सोसतो, थंडी सोसतो. चैत्र-वैशाखात तळ्याचा तळ भेगाळतो तेव्हा त्या ढेकळांत असे युग्मनज असतात. पाऊस पडला, पाणी साचलं, उजेड आणि नत्र मिळालं की अर्धगुणसूत्री विभाजन होतं. दोन घराण्यांच्या गुणसूत्रांची इथं अदलाबदल होते आणि कवच फोडून चार पेशी बाहेर येतात: दोन अधिक, दोन उणे. आता हिशेब मांडा. लग्नाआधी दोन होते, लग्नानं एक झाला, झोपेनंतर चार. रात्रभरात एकटीनं आठ होणाऱ्या पेशीच्या तुलनेत हा धंदा घाट्याचाच. पण सुकत चाललेल्या डबक्यात आठ लेकी काढून त्यांना खायला काय घालायचं? तिथं टिकाऊ कवच आणि पुढच्या मोसमासाठी वेगवेगळ्या पत्त्यांचे चार डाव, हेच शहाणपणाचं.

कवचाचा टिकाऊपणा किती? क्लॅमिडोमोनासच्या दूरच्या, समुद्रातल्या जीवांचं उदाहरण देतो. स्वीडनमधल्या कोल्यो फ्योर्डच्या तळाच्या गाळात द्विकशाभिकांच्या, म्हणजे नॉक्टिल्युकाच्या गटातल्या जीवांच्या, पुट्या (कवचात झोपलेल्या पेशी) थरांवर थर साचल्या आहेत. शंभरेक वर्षांपूर्वीच्या थरातल्या पुट्या 2011 च्या सुमारास संशोधकांनी प्रयोगशाळेत उजेडात ठेवल्या, तर त्यांतल्या काहींतून जिवंत पेशी बाहेर आल्या आणि विभागू लागल्या.

कुणाकडून काय

दोन पेशी पूर्ण मिसळल्या, तरी वारसा सारखा वाटला जात नाही. केंद्रकातली जनुकं दोघांकडून निम्मी निम्मी. पण हिरवं अन्न बनवणाऱ्या हरितलवकाचा स्वतःचा डीएनए असतो आणि तो येतो फक्त अधिक पक्षाकडून. उणे पक्षाचा, मीलनानंतर तासाभरात नष्ट केला जातो. ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिकेच्या डीएनएचं उलट: तो उणे पक्षाकडून. रूथ सेजर या अमेरिकी संशोधिकेनं 1954 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन या औषधाला दाद न देणाऱ्या क्लॅमिडोमोनासचा संकर करून दाखवलं, की हा गुण एकाच बाजूनं उतरतो, मेंडेलच्या नियमांनी नाही. केंद्रकाबाहेरही आनुवंशिकता असते, हे तेव्हा अनेकांच्या गळी उतरत नव्हतं.

उणेपणा ठरवणारं एक जनुक आहे. क्लॅमिडोमोनासचा नातलग व्हॉल्व्हॉक्स, तळ्यात फिरणारा हिरवा पोकळ चेंडू, त्याच्यात खरेखुरे शुक्राणू आणि अंडी असतात. तिथंही तेच जनुक सापडलं आणि ते काम करतं ते शुक्राणू घडवण्याचं. नर म्हणजे काय, याची सुरुवात हौदातल्या उणे चिन्हापासून झालेली दिसते.

युग्लीना: फक्त वाटणी

युग्लीना या दुसऱ्या एका हिरव्या कशाभिकाधाऱ्याची गोष्ट थोडक्यात संपते. त्याचं लग्न पक्क्या पुराव्यानिशी कुणी पाहिलेलं नाही. आधी पुढच्या टोकाशी कशाभिकांचा दुसरा संच तयार होतो, केंद्रक विभागतं, आणि मग पेशी तोंडाकडून शेपटीकडे, विळीवर काकडी उभी चिरावी तशी चिरत जाते. शेवटी दोघी शेपटीच्या टोकाशी चिकटून लोंबकळतात, वळवळतात आणि सुटतात. वेळ वाईट आली की तो गोल होतो, चाबूक टाकतो आणि श्लेष्माच्या गोळ्यात किंवा पुटीत बसून राहतो. कवच त्याच्याकडेही आहे, कवचात जोडीदार मात्र नाही.

निळी लाट

कोकणात नोव्हेंबर-डिसेंबरच्या काळोख्या रात्री कधी कधी लाट फुटताना निळी पेटते. ओल्या वाळूत पाय टाकला की पावलाभोवती ठिणग्या उठतात. मोबाइलच्या फोटोत ती निळाई भडक येते. डोळ्यांना ती थंड आणि क्षणभराची दिसते. बहुतेक वेळा हे काम नॉक्टिल्युकाचं. हा द्विकशाभिकांपैकी एक, पण आकारानं राक्षस: अर्धा मिलिमीटर, कधी त्याहून मोठा, म्हणजे बाटलीत पाणी धरून उजेडासमोर पाहिलं तर साबुदाण्याच्या बारीक कणीसारखा दिसतो. पाणी ढवळलं गेलं की त्याच्या पेशीतल्या कणांमध्ये ल्युसिफेरीन नावाच्या द्रव्याचं ज्वलन होतं, उष्णता न देणारं.

गंमत म्हणजे कशाभिकाधारी म्हणवणाऱ्या या जीवाला पोहता येत नाही. त्याची कशाभिका नाममात्र उरली आहे. पेशीतला द्रव समुद्राच्या पाण्याहून हलका ठेवून तो तरंगतो आणि एका जाडसर सोंडेनं खाणं ओढतो. साधं विभाजन तो करतो: एकाचे दोन. पण काही पेशी निराळ्या वाटेनं जातात. सोंड गळते, केंद्रक पुन्हा पुन्हा विभागतं आणि पेशीच्या एका बाजूला पृष्ठभागावर बारीक बारीक उंचवटे उठतात, पुरळ आल्यासारखे. शेकडो, कधी हजाराहून जास्त. प्रत्येक उंचवटा सुटतो तो कशाभिका घेऊन, आणि ही पोरं खरंच पोहतात. ती युग्मकं. दोन भेटतात, एक होतात, आणि त्यातून पुन्हा तो सोंडेचा तरंगता गोळा. म्हणजे पोहण्याची विद्या या कुळात फक्त लग्नापुरती शिल्लक आहे.

इथं माझा ‘दुष्काळात लग्न’ हा नियम ढिला पडतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या नॉक्टिल्युकांतही अधूनमधून एखादी पेशी आपण होऊन युग्मकांच्या मार्गाला लागते. शिवाय तो द्विकशाभिकांच्या नेहमीच्या रीतीलाही अपवाद आहे: एरवी त्यांच्यात गुणसूत्रांचा एकच संच, याच्यात आपल्यासारखे दोन. अरबी समुद्राच्या उत्तर भागात त्याचं हिरवं रूप फेब्रुवारी-मार्चमध्ये मैलोगणती पसरतं. त्याच्या पोटात हजारो हिरवे कशाभिकाधारी पोहत असतात आणि यजमानाला अन्न पुरवतात. एका कशाभिकाधाऱ्याच्या आत दुसरे, आणि तेही आपापल्या परीनं विभागत असलेले.

रक्तातले बिनलग्नाचे

परजीवी कशाभिकाधाऱ्यांत जीवनचक्र दोन घरांत वाटलेलं असतं. काळा आजार घडवणारा लिशमॅनिया वाळूमाशीच्या आतड्यात कशाभिका मिरवत पोहतो, आणि माणसाच्या पेशीत शिरला की ती जवळजवळ गुंडाळून अंडाकृती होतो. लिशमन आणि डोनोव्हन यांनी 1903 मध्ये नोंदवलं ते हे गोल रूप. 1904 मध्ये कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी ते बाहेर वाढवलं तेव्हा त्याला कशाभिका फुटली आणि तो कोण ते कळलं. दोन्ही रूपं विभागतात. सरमिसळ मात्र माशीच्या आत होते, माणसात नाही. आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या ट्रिपॅनोसोमाचंही तसंच: त्याचं मीलन त्सेत्से माशीच्या लाळग्रंथींत.

ट्रिपॅनोसोमा विभागताना चाबूक सोडत नाही, हे इथं सांगायला हवं. जुन्या कशाभिकेच्या शेजारी नवी बांधून घेतो आणि मगच दुभंगतो. रक्ताच्या प्रवाहात थांबणं परवडत नसावं.

याच घराण्यातला सर्रा रोगाचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी 1880 मध्ये, तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माइल खान इथं घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात शोधला. रोग घडवणारा हा पहिला ज्ञात ट्रिपॅनोसोमा. त्याचे पूर्वज आफ्रिकेतले. त्सेत्से माशीत जगायला लागणारा तंतुकणिकेतला डीएनए त्यानं गमावला, त्यामुळे माशीत राहणं संपलं आणि त्यासोबत लग्नही संपलं. आता तो घोडमाशीच्या ओल्या सोंडेवर बसून एका जनावरातून दुसऱ्यात जातो. सोंड वाळायच्या आत पुढचा चावा पडला पाहिजे, एवढीच त्याची प्रवासाची अट.

माणसाच्या रक्तातलं एक प्रथिन त्याला मारतं, म्हणून सर्रा हा जनावरांचा रोग समजला जातो. 2004 मध्ये विदर्भातल्या एका शेतकऱ्याला ताप येत-जात राहिला आणि रक्ताच्या काचपट्टीवर हेच वळवळणारे जीव दिसले. सर्राची माणसातली ही भारतातली पहिली नोंद. तपासाअंती कळलं, की ते प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या, आईवडिलांकडून आलेल्या त्याच्या दोन्ही प्रती सदोष होत्या आणि ते प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतंच. सुरामिन हे औषध देऊन तो बरा झाला. त्याच्या रक्तात तोवर जे काही वाढलं होतं ते सगळं उभ्या चिरण्यातून आलेलं, दोनाचे चार, चाराचे आठ.